चूकभूल द्यावी घ्यावी : बालकांचें संगणक-शिक्षण

लहान मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांचें परीक्षण करण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. त्यांतून तें पुस्तक शाळेंतील एखाद्या विषयाचें असेल, तर तें वाङ्मयच नव्हे असें समजून टीकाकार त्याच्याकडे पाठ फिरवितो. वास्तविक पाहतां मोठ्यांच्या कादंबरींत लेखक आपली जी जीवनदृष्टि शंभर पानांआड दडवितो, ती बालांच्या पुस्तकांत पहिल्या दहा ओळींतच उघडी पडते. कारण मुलाशीं बोलूं लागतांच, मूल म्हणजे काय याविषयींचें आपलें मत माणसाला लपवितां येत नाहीं. संगणक आणि आंतरजाल यांची ओळख प्राथमिक शाळेंतील मुलांस करून देणारीं जीं पुस्तकें गेल्या कांहीं दशकांत युरोप-अमेरिकेंत निघालीं, त्यांना हें विशेषच लागू आहे. हीं पुस्तकें दोन जातींचीं आहेत. एक जात मुलाला म्हणते, ‘हें यंत्र तुझें आहे, याच्याकडून काम करवून घे.’ दुसरी म्हणते, ‘हें यंत्र जपून वापर, त्याच्या पलीकडे कोण आहे तें तुला ठाऊक नाहीं.’ दोन्ही म्हणणीं खरीं आहेत. परंतु एकाच वयाच्या मुलाला एकाच यंत्राविषयीं हीं दोन म्हणणीं दोन निरनिराळ्या तासांना ऐकविलीं जातात, आणि त्यांचा सांधा जुळविण्याचें काम त्या सात वर्षांच्या जिवावर सोंपविलें जातें. हा सांधा कोठें आहे, तें शोधण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमच्या मतें तो एका साध्या प्रश्नांत सांपडतो: मुलाची चूक झाली असतां पुस्तक त्या चुकीकडे कोणत्या नजरेनें पाहतें?

या विषयाचा विचार इंग्लंडपासून आरंभणें सोयीचें आहे. कारण पांच वर्षांच्या मुलापासून संगणकशास्त्र शिकविण्याचा प्रयोग तेथें देशभर झाला. २०१४ पूर्वीं तेथील शाळांत जो विषय होता, त्याचें नांव ‘माहिती व संपर्क तंत्रज्ञान’ असें होतें. पत्र टंकावें, तक्ता भरावा, चित्रें जोडून भाषण सजवावें, इतक्यावर तो पुष्कळ ठिकाणीं आटपत असे. जानेवारी २०१२ मध्यें रॉयल सोसायटीनें ‘शट डाउन ऑर रीस्टार्ट?’ हा अहवाल प्रसिद्ध करून या स्थितीवर बोट ठेविलें. त्याच महिन्यांत शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनीं जुना अभ्यासक्रम मागें घेण्याचा मनोदय जाहीर केला. आणि सप्टेंबर २०१४ पासून ‘कंप्यूटिंग’ हा नवा विषय लागू झाला.

सरकारी अभ्यासक्रम बारकाईनें वाचण्याची तसदी कोणी घेत नाहीं. पण हा मजकूर अवघ्या कांहीं पानांचा असून वाचण्यासारखा आहे. पांच ते सात वर्षांच्या मुलांनीं काय शिकावें? अल्गोरिदम म्हणजे काय तें समजून घ्यावें, म्हणजे एखादें काम तंतोतंत पायऱ्यापायऱ्यांनीं कसें सांगावें तें शिकावें. साधे प्रोग्राम रचावे आणि त्यांतील दोष शोधून काढावे. प्रोग्राम काय करील याचें तर्कानें भाकीत करावें. आणि शेवटच्या कलमांत, यंत्र सुरक्षितपणें व इतरांचा आदर राखून वापरावें, खाजगी माहिती खाजगी ठेवावी, आणि कांहीं पाहून अगर कोणाशीं संपर्क येऊन मन अस्वस्थ झाल्यास मदतीसाठीं कोणाकडे जावें तें ओळखावें. दुसऱ्या कलमांत चूक गृहीत धरलेली आहे. ती होणारच, आणि ती शोधणें हाच अभ्यास. शेवटच्या कलमांत मुलाच्या स्वतःच्या चुकीचा उल्लेखच नाहीं. या दोन कलमांमधील अंतर पुढें पुस्तकांत रुंदावत गेलें आहे.

पहिल्या जातीचा मूळ ग्रंथ म्हणजे सीमोर पॅपर्ट यांचा १९८० सालीं प्रसिद्ध झालेला ‘माइंडस्टॉर्म्स’. पॅपर्ट जन्मानें दक्षिण आफ्रिकेंतले, शिक्षणानें गणिती. जिनिव्हा येथें झां प्याजे या थोर बालमानसशास्त्रज्ञाच्या सहवासांत कांहीं वर्षें काढून ते अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत गेले, आणि १९६७ मध्यें वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनीं मुलांसाठीं ‘लोगो’ नांवाची संगणकभाषा निर्माण केली. ग्रंथाच्या आरंभीं आपल्या बालपणाविषयीं त्यांनीं जो मजकूर लिहिला आहे, त्यासारखा मजकूर शिक्षणशास्त्राच्या रूक्ष प्रांतांत दुर्मिळच. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच मोटारीच्या भागांचें त्यांना वेड लागलें. पुढें तिच्या दांतेरी चाकांवर त्यांचें प्रेम जडलें, आणि शाळेंतले पाढे व समीकरणें त्या चाकांच्या रूपानेंच त्यांच्या डोक्यांत फिरूं लागलीं. यावरून त्यांनीं काढलेलें अनुमान मार्मिक आहे. प्रत्येक मुलाच्या हातीं दांतेरी चाकें द्या, असें ते म्हणत नाहींत. मुलाला ज्या वस्तूचा लळा लागेल तिच्यांतून ज्ञान आंत शिरतें. म्हणून नाना रूपें घेणारा संगणक त्याच्या हातीं द्या, असें त्यांचें म्हणणें.

लोगोंतील कासव हें त्या लळ्याचें साधन. ‘पुढें १०० पावलें जा, उजवीकडे ९० अंश वळ’ असें चार वेळां सांगितलें कीं कासव आपल्या मागें चौकोनाची रेघ सोडतें. खरी गंमत त्रिकोणापाशीं येते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हें पाठ असलेलें मूल कासवाला प्रत्येक टोकाशीं ६० अंश वळावयास सांगतें. कासव आज्ञाधारक, तें सांगितल्याप्रमाणें वळतें, आणि त्रिकोणाऐवजीं अर्धा षट्कोन काढून उभें राहतें. मग मूल स्वतःच कासव होऊन जमिनीवर चालून पाहतें, तेव्हां त्याला उमगतें कीं वळावयाचा कोन आंतला नसून बाहेरचा, म्हणजे १२० अंशांचा आहे. अशा चुकीला संगणकाच्या धंद्यांत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात; आणि किडा लागला तर तो वेंचून काढावयाचा, त्यासाठीं रडावयाचें नाहीं. पॅपर्ट यांच्या ग्रंथाचें हृदय येथें आहे. शाळेच्या वहींत उत्तर एक तर बरोबर असतें किंवा चूक. चूक असल्यास त्यावर तांबडी शाई पडते, आणि मूल तें पान उलटून पुन्हां पाहत नाहीं. प्रोग्राम रचणाऱ्या मुलाला आपली चूक पुन्हां पाहावीच लागते, कारण पुढची वाट तिच्यांतूनच जाते. ‘माझें चुकलें’ हें वाक्य त्याच्या तोंडीं शोधाचें पहिलें वाक्य होतें.

ग्रंथाचे दोषहि सांगितले पाहिजेत. पॅपर्ट यांची लेखणी भविष्यवाद्याची आहे; शाळा आतांच पालटणार अशा आवेशांत ती धांवते, आणि एका शिक्षकाच्या पदरीं वर्गभर मुलें असतात याची आठवण तिला क्वचित होते. पण याहून मोठी उणीव लेखकाची नसून काळाची आहे. १९८० मधील तें कासव एकटें आहे. तें काढीत असलेला त्रिकोण दूरदेशींचें कोणी पाहत नाहीं; चूक झाली तर ती मूल, शिक्षक आणि कासव या तिघांतच राहते. आजच्या मुलापुढील पडद्याच्या पलीकडे माणसें आहेत: मित्र आहेत, अनोळखी आहेत, आपला माल खपविणारे व्यापारी आहेत. एकदां पाठविलेलें छायाचित्र परत मिळेल याची खात्री नाहीं. चूक पुसून पुन्हां आरंभ करण्याची जी मुभा पॅपर्ट यांच्या शिक्षणपद्धतीचा पाया आहे, तीच येथें पुष्कळदां उरत नाहीं.

पॅपर्ट यांच्या परंपरेंतलें अलीकडचें गाजलेलें बालपुस्तक म्हणजे फिनलंडच्या लिंडा लिउकास यांचें ‘हॅलो रूबी’. २०१४ च्या आरंभीं लेखिकेनें या पुस्तकासाठीं आंतरजालावर लोकवर्गणी मागितली. दहा हजार डॉलरांची अपेक्षा असतां साडेतीन लाखांहून अधिक जमले, आणि २०१५ मध्यें पुस्तक बाहेर पडलें. रूबी नांवाची एक हट्टी, चौकस मुलगी वडिलांनीं लपविलेलीं रत्नें शोधावयास निघते. वाटेंत तिला पेंग्विन, हिमबिबट्या, कोल्हे, यंत्रमानव भेटतात. मोठें काम लहान तुकड्यांत फोडावें, एकच कृति पुन्हां पुन्हां करावयाची असेल तर ती एकदांच सांगावी, अशा संगणकी युक्त्या गोष्टीच्या ओघांत येतात, आणि उत्तरार्धांतील खेळांना कागद-पेन्सिलीपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं. हें सर्व प्रशंसनीय आहे. मात्र त्या प्राण्यांची निवड संगणकाच्या निरनिराळ्या प्रणालींवरून केलेली आहे, आणि हा विनोद मुलांसाठीं नसून त्यांच्या संगणकज्ञ आईबापांसाठीं आहे. शिवाय रूबीच्या वाटेंत अडचणी आहेत, दुष्टावा नाहीं. आंतरजालाची रचना समजावणारा या मालेचा स्वतंत्र भाग लेखिकेनें २०१८ मध्यें लिहिला. पण पहिल्या पुस्तकाची नायिका ज्या निर्धास्त जगांत वाढते, तसें जग आपल्या मुलांच्या वांट्याला आलेलें नाहीं.

आतां दुसऱ्या जातीकडे वळूं. चाइल्डनेट या ब्रिटिश धर्मादाय संस्थेनें तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठीं तयार केलेल्या दोन गोष्टी तिच्या प्रातिनिधिक म्हणतां येतील. ‘स्मार्टी द पेंग्विन’ मध्यें एका पेंग्विनाच्या पिलाला वाढदिवसाला टॅबलेट मिळतो, आणि त्यावर खेळतांना पैसे मागणाऱ्या पाट्या, मोठ्यांसाठींचीं संकेतस्थळें, टोचून बोलणारे सवंगडी असे प्रसंग येतात. प्रत्येक प्रसंगीं गोष्ट थांबते आणि मुलांनाच विचारते, ‘आतां स्मार्टीनें काय करावें?’ मग एक धृपद येतें. त्याचा आशय असा कीं, कळ दाबण्यापूर्वीं विचार कर आणि कोणाला तरी सांग. रचना बाळबोध आहे, पण त्या वयाला धृपदच शोभतें. ‘डिजीडक्स बिग डिसिजन’ ही दुसरी गोष्ट अधिक सरस आहे. तिच्यांतील बदकापुढें प्रश्न आहे तो असा: मित्राची फजिती होईल असें छायाचित्र इतरांस पाठवावें कीं नाहीं? येथें मूल केवळ संकटांत सांपडणारा जीव राहत नाहीं. आपल्या हातूनहि दुसऱ्याला इजा होऊं शकते, हें त्याला कळतें. सुरक्षिततेच्या पुस्तकांत हा विचार विरळा आहे, आणि त्याबद्दल त्या बदकाच्या जनकांचें अभिनंदन केलें पाहिजे.

पण दोन्ही गोष्टींचें नाट्य कळ दाबण्यापूर्वींच्या क्षणाभोंवतीं आहे. दाबून झाल्यावर काय? चित्र गेलें, नांव-पत्ता सांगून झाला, आईच्या खात्यांतून पैसे वळते झाले, तर? बालवाङ्मय येथें अडखळतें, आणि त्याची जागा शाळेच्या भिंतीवरील नियमांचा तक्ता व वार्षिक व्याख्यान घेतात. त्या तक्त्यांतील वाक्यें बहुधा ‘कधींहि’ या शब्दानें सुरू होऊन ‘नये’ या शब्दानें संपतात. नियम चुकीचे नाहींत. परंतु जें मूल त्यांतील एक मोडून बसलें आहे, त्याला त्या तक्त्यावर जागा उरत नाहीं. तें मूल हेरणारा दुष्ट मनुष्य नेमक्या याच जागीं आपलें दुकान मांडतो. ‘घरीं सांगशील तर तुलाच मार बसेल, तुझाच टॅबलेट काढून घेतील,’ असें तो म्हणतो. आणि आपण मुलाला जी भीति घातलेली असते, ती त्याच्या बाजूनें साक्ष देते. भीतीनें चूक टळण्याची थोडी शक्यता असते, पण झालेली चूक लपण्याची खात्री असते. हा या प्रश्नांतील खरा धोका आहे, आणि तो पुस्तकाच्या भाषेंतूनहि निर्माण होतो म्हणूनच तो टीकाकाराच्या कक्षेंत येतो.

सांधा येथेंच आहे. सुरक्षितता शिकविणाऱ्यानें संगणकशास्त्राकडून दोन गोष्टी उसन्या घ्याव्या. पहिली, कारणमीमांसा. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या टिम बेल प्रभृतींनीं १९९० नंतरच्या दशकांत ‘अनप्लग्ड’ नांवाची एक पद्धति प्रचारांत आणली. तींत संगणकाची तत्त्वें यंत्रावांचून, पत्ते, दोऱ्या व कागद घेऊन शिकवितात. त्याच धर्तीवर असा एक पाठ कल्पावा. एका मुलानें चिठ्ठीवर चित्र काढून शेजाऱ्यास द्यावें. प्रत्येकानें त्याची नक्कल आपल्यापाशीं ठेवून दुसरी पुढें धाडावी. चिठ्ठी शेवटच्या बांकावर पोंचल्यावर गुरुजींनीं पहिल्यास म्हणावें, ‘आतां तुझें चित्र परत घे.’ तो सगळ्या वर्गाकडे पाहील, आणि ‘छायाचित्र पाठवूं नये’ या नियमाचें कारण त्याला कोणीं सांगावें लागणार नाहीं. हीच रीत परवलीच्या शब्दाला लागते: तीन आंकड्यांचें कुलूप उघडण्यास फार तर १००० प्रयत्न पुरतात, सहा आंकड्यांस १० लक्ष लागूं शकतात, हें मुलानें स्वतः मोजावें. कारण कळलेल्या नियमाची शाखा नव्या प्रसंगींहि फुटते. नुसता पाठ केलेला नियम त्या तक्त्यावरच राहतो.

दुसरी उसनी घ्यावयाची गोष्ट म्हणजे किडा वेंचण्याची वृत्ति. काय झालें, कोणत्या पायरीला झालें, आतां पुढची पायरी कोणती, हे तीन प्रश्न जो वर्ग कासवाच्या त्रिकोणाविषयीं निःसंकोच विचारतो, त्यानें तेच प्रश्न अयोग्य ठिकाणीं पाठविलेल्या निरोपाविषयीं विचारावे. त्यांत ‘कोणी केलें?’ हा प्रश्न पहिला नसावा. ज्या मुलाला आपल्या चुका शिक्षकापुढें मांडण्याची रोजची संवय आहे, तें एक दिवस मोठी चूकहि मांडील. ज्याला ती संवय नाहीं, त्याला ‘कोणाला तरी सांग’ हें धृपद शंभर वेळां म्हणावयास लावून उपयोग नाहीं.

इंग्लंडांत हा सांधा जुळण्याऐवजीं कागदोपत्रीं सुटाच होत गेला. २०१८ मध्यें ‘एज्युकेशन फॉर अ कनेक्टेड वर्ल्ड’ या नांवाची रूपरेषा निघाली. तिच्यांत स्वप्रतिमा, संबंध, लौकिक, छळ, माहितीची पारख, आरोग्य, खाजगीपणा आणि स्वामित्व असे आठ धागे आहेत. सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत ‘परस्परसंबंधांचें शिक्षण’ सक्तीचें झालें व आंतरजालावरील संबंध त्यांत गेले. आठहि धागे मोलाचे आहेत. पण विणकर कोण? प्राथमिक शाळेंत बहुधा एकच शिक्षक सारे विषय शिकवितो, म्हणून विणणें त्याला अशक्य नाहीं. मात्र त्याच्या हातीं येणारें साहित्य दोन पेट्यांतून येतें, आणि खुद्द रॉयल सोसायटीनेंच नोव्हेंबर २०१७ मधील आपल्या दुसऱ्या अहवालांत संगणक-शिक्षणाची स्थिति तुकड्यातुकड्यांची व नाजूक असल्याचें म्हटलें होतें.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सात वर्षांच्या मुलानें जाळ्याची रचना समजून घ्यावी आणि धूर्त प्रौढांपासून स्वतःचें रक्षण करावें, ही अपेक्षा म्हणजे मोठ्यांनीं आपला भार लहानांच्या खांद्यांवर टाकणें नव्हे काय? होय, तितकाच अर्थ घेतला तर तसेंच होईल. गोड बोलून विश्वास संपादन करणारा मनुष्य संगणकाच्या ज्ञानानें ओळखूं येत नाहीं. म्हणूनच ब्रिटननें २०२३ मध्यें ‘ऑनलाइन सेफ्टी’ कायदा करून कंपन्यांवर कर्तव्यें लादलीं, आणि भारताच्या त्याच वर्षींच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमति आवश्यक ठरविली. रस्त्यावर दिवे लावणें नगरपालिकेचें काम आहे. तरीहि मुलाला रस्ता ओलांडावयास शिकवावेंच लागतें, आणि पडल्यास घरीं येऊन सांगावयासहि.

आपल्या मुलखांत या दृष्टीनें आरंभ झालेला नाहीं असें नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शाळांसाठीं ‘कंप्यूटर मस्ती’ ही पुस्तकमाला रचली आणि ती मुक्त परवान्याखालीं सर्वांस खुली केली. तेजस व ज्योती हीं मुलें आणि त्यांचा सोबती मोझ यांच्या संभाषणांतून पायरीपायरीनें विचार करणें, संगणकापुढें नीट बसणें व तो सुरक्षितपणें वापरणें हे विषय एकाच मालेंत येतात. संवाद कोठें कोठें पाठ्यपुस्तकी होतात. पण दोन पेट्यांची एक पेटी करण्याची दृष्टि तींत आहे, हें तिचें वैशिष्ट्य. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रोग्राम रचण्याचें शिक्षण माध्यमिकपूर्व टप्प्यांत, म्हणजे सहावीच्या सुमारास, आणण्याचें म्हटलें आहे. घरचा मोबाइल मात्र सहावीची वाट पाहत नाहीं. तेव्हां मराठी शाळेंत जें पहिलें पुस्तक जाईल, तें भीतीचा तक्ता असेल कीं या दोन दृष्टींचा मेळ, हा प्रश्न उद्यांचा नसून आजचाच आहे.

तें पुस्तक लिहिणाऱ्यास ‘बग’ या शब्दासाठीं परदेशीं जाण्याची गरज नाहीं. आपले व्यापारी हिशेबाच्या कागदाच्या तळाशीं पिढ्यान्‌पिढ्या ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असें लिहीत आले आहेत. चूक निघेल हें त्यांत आधींच मान्य केलें आहे. निघाली तर ती दाखवावी, फरक चुकता करावा, आणि व्यवहार पुढें चालू ठेवावा. ज्या भाषेनें दुकानदाराला हें औदार्य शिकविलें, त्या भाषेंतील बालपुस्तकानें तें मुलाच्या वांट्याला कां येऊं देऊं नये?